पाण्यानं निवडलेली फरशी

घराचं काम काढलं की सगळ्यात जास्त चर्चा फरशीवर होते. दुकानदार रंग दाखवतो, मिस्त्री आकार सुचवतो, घरातली माणसं एकमेकांच्या आवडीनिवडीवर बोट ठेवतात आणि शेवटी जी ठरते ती आपण निवडली असं सगळ्यांना वाटतं. हैदराबादच्या नारायणगुड्यासारख्या, शंभरेक वर्षांत वसलेल्या आणि दोन-तीनदा पाडून पुन्हा बांधलेल्या वस्तीतला फरशीचा इतिहास पाहिला, तर या समजुतीला बराच छेद जातो. तिथल्या घरांत सारवणाच्या जागी दगड आला, दगडाच्या जागी सिमेंटची टाइल, मग मोझॅक, मग चिनीमाती, ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइड. ओट्यावरही कडप्पा, चिनीमाती, स्टील असा क्रम लागला. यातला बहुतेक प्रत्येक टिकाऊ बदल घराच्या ओल्या कोपऱ्यातून, म्हणजे मोरीतून किंवा न्हाणीतून, सुरू झाला आणि मग बैठकीकडे सरकला. घरात पाणी कुठून येतं, किती येतं आणि कुठून बाहेर जातं, यानं फरशी ठरवली. रुचीला वाव मिळाला तो त्यानंतर, उरलेल्या जागेत.

पहिली गोष्ट दगडाची. हैदराबाद ग्रॅनाइटवर वसलेलं शहर आहे. आजही रस्त्याकडेला घराएवढे गुळगुळीत धोंडे उभे दिसतात, आणि गोवळकोंड्याच्या तटबंदीत हाच दगड आहे. मग जुन्या घरांच्या जमिनीत तो का नाही? कारण ग्रॅनाइटला थर नसतात. पहार आणि छिन्नीनं त्याचा ठोकळा निघतो, पायरी निघते, जोतं निघतं. दीड-दोन इंच जाडीची रुंद, सपाट लादी परवडेल अशा मजुरीत निघत नाही. तशी लादी निसर्गतःच तयार मिळते ती पश्चिमेला, भीमेच्या खोऱ्यातल्या चुनखडीत, शहाबाद, वाडी आणि तांदूरच्या पट्ट्यात. तिथला दगड वहीच्या पानांसारखा थरांत बसलेला असतो आणि पाचर मारली की सुटतो. अडचण अंतराची होती. मुंबईहून रायचूरकडे जाणारा लोहमार्ग 1871 पर्यंत शहाबादवरून गेला आणि वाडीहून सिकंदराबादला जाणारी निजामाची रेल्वे 1874 मध्ये तांदूरमार्गे सुरू झाली, तेव्हा हा जड आणि तुलनेनं स्वस्त माल लांब नेणं शक्य झालं. त्यामुळे पुण्याच्या वाड्यात किंवा हैदराबादच्या घरात जी शहाबादी फरशी आज ‘पूर्वापार’ म्हणून दाखवली जाते, तिची मोठी चाल रेल्वेच्या काळातली आहे. त्याआधी श्रीमंताघरी चुन्याचा घोटीव कोबा होता आणि इतरांकडे माती. रंगीत टाइल हैदराबादला माहीत नव्हती असं मात्र नाही. कुतुबशाही काळातल्या बादशाही आशुरखान्याच्या भिंतींवर 1611 च्या सुमाराचं मिनाकारीचं अप्रतिम काम आहे. पण ते भिंतीवर आहे. पायाखाली घालायचा तो माल नव्हता.

मातीच्या जमिनीला कमी लेखण्याची सवय आपल्याला लागली आहे, म्हणून तिचं गणित समजून घ्यायला हवं. मनमाड ते हैदराबाद हा मीटरगेज मार्ग 1900 मध्ये पुरा झाला आणि नांदेड, परभणी, जालना, औरंगाबादकडची मराठी माणसं वकिलीला, नोकरीला, शिक्षणाला राजधानीत येणं सोपं झालं. 1916 मध्ये काचीगुड्याचं स्टेशन उभं राहिलं. नारायणगुडा त्याच्या जवळच. ही माणसं ज्या घरांतून आली ती बहुतांशी माळवदाची, पांढऱ्या मातीच्या भिंतींची, शेणानं सारवलेल्या जमिनीची. अशा घरात पाणी आडावरून घागरीनं येई, घंगाळात आणि माठात राही, आणि वापरताना तांब्यानं मोजलं जाई. भांडी परसात राखेनं घासली जात. अंघोळ परसातल्या दगडावर होई. सांडलेलं थोडं पाणी माती पिऊन टाकी आणि चार-आठ दिवसांनी नवं सारवण घातलं की जमीन पुन्हा ताजी होई. मोजून वापरल्या जाणाऱ्या पाण्याच्या घरात ही व्यवस्था तर्काला धरून होती. तिचा एकच शत्रू होता, न थांबता वाहणारं पाणी.

ते दोन वाटांनी आलं. पहिली वाट विध्वंसाची. 28 सप्टेंबर 1908 रोजी शहरातल्या मुसी नदीला आलेल्या पुरात सुमारे पंधरा हजार माणसं मेल्याचा अंदाज सांगितला जातो. मातीची घरं पाण्यात उभी राहू शकली नाहीत. बादशाही आशुरखान्याच्या टाइल्सनाही या पुराचा फटका बसला. दुसऱ्या वर्षी निजाम सरकारनं अभियंते विश्वेश्वरय्यांना बोलावलं आणि पूरनियंत्रण, धरण, गटार असा एकत्रित विचार सुरू झाला. 1912 मध्ये नगरसुधार मंडळ स्थापन झालं. मुसीवरचा उस्मानसागर 1920 मध्ये आणि इसा नदीवरचा हिमायतसागर 1927 मध्ये पुरा झाला. गंडीपेटचं, म्हणजे उस्मानसागरचं, पाणी शहरापेक्षा उंचावर असल्यानं उताराच्या जोरावर येऊ लागलं आणि असिफनगरला गाळून नळात शिरलं. भुयारी गटारयोजनाही याच मालिकेतली. 1931 च्या सुमारास तिची आखणी 54 चौरस किलोमीटर आणि 4 लाख 68 हजार वस्तीसाठी झाली होती. म्हणजे पाणी घरात आणण्याची आणि ते घराबाहेर काढण्याची सोय या शहरात साधारण एकाच दशकात झाली. अनेक भारतीय शहरांत नळ आधी आला आणि गटार कितीतरी उशिरा. हैदराबादचा हा योग वेगळा होता.

नारायणगुडा नेमकं याच काळात भरलं. पुरानंतर शहर नदीच्या उत्तरेला, जुन्या ब्रिटिश रेसिडेन्सीच्या पलीकडे पसरत होतं. माडपाटी हनुमंतरावांच्या नावाची मुलींची शाळा इथे 1928 पासूनची. न्यायमूर्ती केशवराव कोरटकरांच्या स्मृतीसाठी केशव मेमोरियल संस्था 1940 मध्ये निघाली. त्यांचा जन्म 1867 चा, मूळ वसमत तालुक्यातलं. वकिलीसाठी मराठवाड्यातून आलेल्या त्या पिढीचे ते अग्रणी. राजा बहादूर वेंकटराम रेड्डी महिला महाविद्यालय 1954 चं. शाळा-कॉलेजांच्या या तारखा वस्तीच्या वयाचा चांगला पुरावा आहेत, कारण शाळा निघते तेव्हा आसपास शाळेत पाठवणारी घरं असतात. हे मध्यमवर्गीय घर बांधलं जात होतं तेव्हा नळजोडणीची आशा खरी होती. हौसेनं वाड्याची ठेवण तीच राहिली असेल, पण मोरीच्या कोपऱ्यात तोटी आली होती. तोटीखाली सारवण टिकत नाही. एका पावसाळ्यात जमीन खचते, भिंतीला ओल धरते, घुशी शिरतात.

इथे पहिला आक्षेप येतो. दगड रेल्वेमुळे आला, मग श्रेय रेल्वेचं, पाण्याचं कशासाठी? आक्षेप वजनदार आहे आणि अर्धा खराही. वाघिणी नसत्या तर तांदूरची लादी तांदूरलाच राहिली असती. पण उपलब्ध होणं आणि गरजेचं होणं या दोन वेगळ्या गोष्टी. केवळ उपलब्धतेनं फरशी बदलत असती, तर दगड आधी दिवाणखान्यात बसला असता, कारण घरात नवी, महागाची वस्तू आधी पाहुण्यांच्या नजरेसमोर ठेवली जाते. जुन्या मराठी घरांची रचना उलट सांगते. माजघर आणि ओसरी सारवलेली, आणि मोरी, अंगण, पायऱ्या, न्हाणी मात्र दगडाची, अशी घरं मराठवाड्यात आणि देशावर विसाव्या शतकाच्या मध्यानंतरही सर्रास होती. मुंबईच्या चाळीतही एका खोलीच्या संसारात सगळ्यात काळजीनं बांधलेली जागा कोपऱ्यातली मोरी असे. रेल्वेनं दगड दाराशी आणून टाकला. त्याला घरात कुठे बसवायचं, हे नळानं सांगितलं.

मोरी बांधणं हे काही साधं काम नव्हतं. लादीला ढाळ द्यायचा तो असा, की पाणी भोकाकडे जावं पण घागर कलंडू नये. कडेनं बोट-दीडबोट उंच दगडी काठ, कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी लादी, आणि दरजा भरण्यासाठी आधी चुना आणि मग सिमेंट. दरज फुटली की मोरी फुटली, हे गवंड्याचं शास्त्र. सिमेंटचा इथला प्रवेश मोठा मजेदार आहे, कारण शहाबादच्या ज्या चुनखडीतून लादी निघत होती, त्याच चुनखडीवर तिथे सिमेंटचा कारखाना उभा राहिला आणि 1936 मध्ये दहा कंपन्या एकत्र येऊन जी ए.सी.सी. झाली तिच्यात गेला. एकाच खडकातून लादीही आली आणि लादी सांधणारा मसालाही. पुढे 1956 च्या राज्यपुनर्रचनेत गुलबर्गा जिल्हा म्हैसूर राज्याला गेला, पण त्यातले तांदूर आणि कोडंगल तालुके आंध्र प्रदेशात ठेवले गेले. खडकाचा पट्टा तोच, राज्यं मात्र दोन. मराठवाडा तर तिसऱ्याच राज्यात गेला. नारायणगुड्यातल्या मराठी घरांचं गावाकडचं शेत आणि पायाखालची फरशी यांच्यामध्ये तेव्हापासून राज्याची सीमा आहे.

दुसरा आक्षेप प्रतिष्ठेचा. फलकनुमा महालात इटलीचा संगमरवर आला तो काही नळ गळत होता म्हणून नव्हे. मुंबईच्या सार्वजनिक इमारतींत इंग्लंडहून मिंटनच्या टाइल्स आल्या, जपानमधून देवदेवतांची चित्रं असलेल्या झिलईच्या टाइल्स आल्या, आणि 1922 मध्ये सिधवा कुटुंबानं मुंबईत भारत फ्लोअरिंग टाइल्स काढली ती परदेशी मालाला स्वदेशी उत्तर म्हणून. या सगळ्यात सौंदर्यदृष्टी आहे, ऐपत आहे, राष्ट्रवादसुद्धा आहे. हे नाकारण्याचं कारण नाही. उलट सिमेंटची नक्षीदार टाइल ही मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत देखणी वस्तू वाटते. भट्टी नाही, आच नाही. रंग, पांढरं सिमेंट आणि संगमरवराची भुकटी साच्यात घालायची, दाबयंत्राखाली दाबायची आणि पाण्यात मुरू द्यायची. पण ती घरात कुठे बसली ते पाहा. बैठकीत, व्हरांड्यात, देवघरासमोर. तिचा पृष्ठभाग सच्छिद्र, तेलाचा डाग पिणारा, आम्लानं खडबडीत होणारा. त्यामुळे मोरी आणि न्हाणी बराच काळ दगडाकडेच राहिली. एकाच घरात दोन फरश्या, कोरडी आणि ओली. प्रतिष्ठेचं राज्य कोरड्या भागापुरतं होतं. हीच विभागणी मोझॅकच्या काळातही दिसते. 1950 ते 80 च्या दरम्यान जागेवर ओतलेला मोझॅक, त्यातल्या काचेच्या पट्ट्या, मशीननं केलेली घोटाई आणि शेवटची ऑक्झॅलिक आम्लाची झळाळी, हे मध्यमवर्गाचं स्वप्न होतं. न्हाणीत मात्र भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर पांढऱ्या चिनीमातीच्या चौकोनी टाइल्स आल्या, कारण झिलईतून पाणी आत जात नाही. जॉन्सन कंपनी भारतात 1958 मध्ये आली ती या पांढऱ्या चौकोनासह. बैठकीत रंग खेळत होते तेव्हा न्हाणीत सगळीकडे एकच पांढरा. त्यात आवडीचा भाग फारसा नव्हता.

तिसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि त्याला पूर्ण उत्तर देता येईल असं मला वाटत नाही. मोरी स्वयंपाकघरापासून वेगळी, न्हाणी परसात, संडास त्याहून लांब, ही मांडणी पाण्यानं नव्हे तर सोवळ्या-ओवळ्यानं आणि जातीनं केली होती. हे खरं आहे. टोपलीचे संडास घराच्या मागच्या अंगाला असत, त्यांना गल्लीतून वेगळी वाट असे आणि ते साफ करणारी माणसं घरातून ये-जा करू शकत नसत. तिथे टाइलचा प्रश्नच नव्हता. संडास घराच्या आत येऊ शकला तो गटार आणि फ्लश आल्यावर, आणि आत आल्यावरच त्याला चिनीमातीचं भांडं, झिलईची भिंत आणि धुता येणारी जमीन लागली. म्हणजे जातीची मांडणी ढिली होण्यातही वाहत्या पाण्याचा हात होता. पण पाण्यानं ती मोडली असं म्हणणं भाबडेपणा ठरेल. हातानं मैला उचलण्यावर बंदी घालणारा कायदा 1993 मध्ये करावा लागला आणि 2013 मध्ये पुन्हा नव्यानं करावा लागला. भुयारी गटाराच्या मॅनहोलमध्ये उतरायला लागणारी माणसं आजही बहुतेक त्याच जातींतली आहेत. फरशीचा इतिहास लिहिताना हे झाकता येत नाही. घराच्या आतला स्वच्छ, पांढरा चौकोन बाहेरच्या गटारावर आणि त्या गटारात उतरणाऱ्या माणसांवर उभा आहे.

आता सिंक. मोरीत बसून भांडी घासणारी बाई उभी राहिली, ही विसाव्या शतकातल्या घराची एक मोठी घटना आहे आणि तिच्याबद्दल फारच कमी लिहिलं गेलं आहे. ओटा उंच झाला. चूल गेली, स्टोव्ह आणि गॅस आला. आणि कमरेच्या उंचीवर पाणी साठवणारं, बाहेर सोडणारं भांडं लागलं. ओट्यासाठी दक्षिणेकडून काळा कडप्पा आला. हाही थरांचाच चुनखडी दगड, कडप्पा-कर्नूलच्या खोऱ्यातला. कडप्पा मुलूख निजामानं 1800 मध्ये कंपनी सरकारला देऊन टाकला होता, त्याचा दगड दीडशे वर्षांनी त्याच्या राजधानीच्या स्वयंपाकघरांत परतला. कडप्प्याच्या पाट्या जोडून गवंडी सिंकही करत. पण चुनखडीला आम्ल चालत नाही. तेलंगणातल्या रोजच्या स्वयंपाकात चिंच असते. चिंचेचं पाणी, लिंबाचा रस ओट्यावर राहिला की चकाकी जाऊन करडा डाग पडतो आणि तो पुसला जात नाही, कारण दगडच तेवढा विरघळलेला असतो. जोडाच्या रेषेतूनही पाणी झिरपे. त्यापेक्षा अखंड घडवलेलं चिनीमातीचं भांडं सरस होतं. पॅरीचा राणीपेटचा कारखाना 1950 च्या दशकातला, आणि ट्वायफर्डच्या सहकार्यानं हिंदुस्थान ट्वायफर्ड्स 1960 मध्ये निघाली. पण त्या पांढऱ्या सिंकमध्ये पितळेचं पातेलं हातातून सटकलं की टवका उडे. घरातली भांडी पितळेची होती तोवर चिनीमातीचं सिंक स्वयंपाकघरात नांदणं कठीणच होतं.

शेफील्डमध्ये 1913 मध्ये हॅरी ब्रिअरलीनं घडवलेलं न गंजणारं पोलाद भारतीय स्वयंपाकघरात आधी ताट-वाटी म्हणून आलं, सिंक म्हणून नंतर. सेलमचा पोलाद कारखाना 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला चालू झाला आणि देशात स्टेनलेस पत्रा तयार होऊ लागला. कल्हई गेली, राख जाऊन साबणाची वडी आली, आणि स्टीलचं सिंक ओट्यात बसलं. आजच्या दुकानात या सिंकच्या चकाकीवर आणि पेटीसारख्या आकारावर चर्चा होते, पण महत्त्वाचा प्रश्न वेगळा असतो. पत्रा 304 प्रतीचा आहे, ज्यात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं, की 200 मालिकेतला, ज्यात महाग निकेलच्या जागी बरंचसं मँगनीज असतं? डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. फरक पाणी दाखवतं, आणि हैदराबादचं पाणी तो लवकर दाखवतं.

कारण दरम्यान पाणीच बदललं होतं. गंडीपेटची योजना ज्या शहरासाठी होती त्याच्या कित्येक पट शहर झालं. 1965 पासून मांजरा, 1990 च्या दशकात सिंगूर, 2004 मध्ये कृष्णा, 2015 मध्ये गोदावरी, असं पाणी दरवेळी आणखी लांबून आणावं लागलं. मधल्या वर्षांत नळ दिवसाआड येई. मग घराखाली पाणी साठवायचा संप आला, गच्चीवर टाकी आली आणि अंगणात बोअर आली. ग्रॅनाइटच्या भेगांतून उपसलेलं हे पाणी जड असतं. ते वाळलं की क्षारांचा पांढरा थर सोडतं. काळ्या कडप्प्यावर तो राखेसारखा दिसतो, स्टीलवर ठिपके पडतात, तोट्यांची जाळी बुजते. हा थर काढायला बाई-माणसं स्वस्त आम्ल वापरतात आणि ते आम्ल शहाबादी, कडप्पा, संगमरवर, सिमेंट टाइल, मोझॅक या सगळ्यांना खातं. न्हाणीतून दगड हद्दपार झाला याचं कारण फॅशन असं सांगितलं जातं. मला बोअरचं पाणी आणि आम्लाची बाटली ही जोडी अधिक पटण्यासारखी वाटते. आम्लाला आणि क्षाराला तोंड देईल असा माल दोनच जातींचा होता. एक घट्ट भाजलेली माती, दुसरा ग्रॅनाइट.

ग्रॅनाइट तर शहराच्या पायाखालीच होता. त्याला आणलं हिऱ्याच्या पात्यानं. मोठ्या करवती आणि घोटाईयंत्रं 1980 नंतर पसरली, करीमनगरचा तपकिरी आणि चिमकुर्तीचा ठिपक्यांचा काळा ग्रॅनाइट परदेशी जाऊ लागला आणि निर्यातीतून उरलेली लादी इथल्या ओट्यांवर चढली. दुसरीकडे मोरबीच्या भट्ट्यांत व्हिट्रिफाइड टाइल निघू लागली. टाइलची खरी वर्गवारी रंगानं नव्हे, तर ती किती पाणी शोषते यावर होते: व्हिट्रिफाइड अर्ध्या टक्क्याहून कमी, भिंतीची साधी झिलईची टाइल दहा टक्क्यांहून जास्त. खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेला हा आकडा बहुतेक गिऱ्हाइकं वाचत नाहीत, आणि भिंतीची टाइल जमिनीवर लावून मोकळी होतात. कृत्रिम क्वार्ट्झच्या पाट्या आणि सिंक ही ताजी भर. त्यांत सिलिकाचं प्रमाण फार मोठं असल्यानं कोरड्या कापणीची धूळ कारागिराच्या फुप्फुसात जाते. ऑस्ट्रेलियानं 1 जुलै 2024 पासून अशा पाट्यांवर बंदीच घातली. पात्यावर पाण्याची धार सोडली तर धूळ बरीच बसते. आपल्याकडे जागेवर ओटा कापणारा मुलगा तोंडाला रुमाल बांधून कोरडाच कापताना दिसतो, आणि घरमालक फक्त आवाजाची तक्रार करतो.

एक आक्षेप हल्ली वास्तुरचनाकार घेतात तो राहिला. तांदूरची फरशी थंड असते, स्थानिक असते, भट्टीचा गॅस जाळत नाही; ती सोडणं हा पाण्याचा निर्णय नसून बाजाराचा डाव आहे. थंडाव्याबद्दल ते बरोबर आहेत, निदान तळमजल्यावर. ऊर्जेबद्दलही. कोरड्या बैठकीत, अंगणात, जिन्यावर तांदूर अजून उत्तमच आहे आणि तिथे तो टिकूनही आहे, ही बाब माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही; कोरडी जागा अजून त्याची आहे आणि ओली त्यानं गमावली आहे. ‘स्थानिक’ या शब्दाबद्दल मात्र सांभाळून बोलावं. शंभराहून अधिक किलोमीटरवरून वाघिणीत आलेला दगड नारायणगुड्याला पहिल्या दिवशी तितकाच परका होता, जितकी आज मोरबीची टाइल आहे.

आज या वस्तीतली बैठी घरं पाडून चार-पाच मजल्यांच्या इमारती झाल्या आहेत. हुसेनसागरच्या सांडव्याचा नाला याच बाजूनं मुसीकडे जातो. 2000 च्या ऑगस्टमध्ये आणि 2020 च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्या काठच्या तळमजल्यांनी पाणी पाहिलं. वरच्या मजल्यांचा प्रश्न वेगळा आहे. परसातली न्हाणी आता कुणाच्या तरी देवघराच्या वर असते. त्यासाठी न्हाणीचा स्लॅब खाली उतरवतात, त्यात पाइप टाकून भराव घालतात, जलरोधक थर देतात आणि वर टाइल बसवतात. गळती लागली तर टाइल कितीही महागाची असो, ती फोडावीच लागते, कारण दोष बहुधा तिच्या खालच्या थरात किंवा सांध्यात असतो. सिमेंटनं भरलेला सांधा पाणी पितो, इपॉक्सीचा पीत नाही. दोन्हींच्या किमतीत मोठा फरक आहे, आणि घराच्या कामाचं अंदाजपत्रक आखताना पहिली काटछाट बहुतेक वेळा इथेच होते.